कलम नऊ

२ जून, सोमवार

आज माझ्या टेबलावर नवीन पाटी आली: 'आंतरराज्य पर्यावरण आपत्ती समन्वय कक्ष'. कक्ष म्हणजे तेच जुनं टेबल, मागची तीच खिडकी आणि तिच्यापुढे बसलेला मी, हणमंत, अव्वल कारकून, वय चोपन्न, मूळचा मुरुडचा. तहसीलदारसाहेब म्हणाले, "हणमंतराव, तुमचा मसुदा चांगला असतो, म्हणून तुमच्यावर टाकलं." मसुदा चांगला असण्याची शिक्षा मी एकतीस वर्षं भोगतो आहे. तरी खरं सांगायचं तर बरं वाटलं. ही वही त्यामुळेच काढली. सरकारी कागदात जे बसत नाही ते इथे लिहीन.

काम असं. मांजरा नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तेलंगण. गेल्या वर्षी नदीत मेलेल्या माशांचा खच आला आणि दोन्ही काठांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग धर्माबादला दोन्हीकडचे अधिकारी बसले. नदीत काही विषारी उतरलं तर वरच्या अंगाच्या तालुक्याने खालच्याला कळवायचं, असं ठरलं. वरचा तालुका आमचा, म्हणजे कळवणारा मी.

१४ जून, शनिवार

मल्लगुट्ट्याला जाऊन आलो. पलीकडच्या काठावरचं हे पहिलं मोठं गाव, आमच्या तालुक्यातला ओढा नदीला मिळतो तिथून चौदा किलोमीटर खाली. नदीपात्रात विहीर, विहिरीवर मोटार, तिथून पाणी टाकीत आणि टाकीतून सहाशे घरांच्या नळांना. मोटारीवर वीरण्णा नावाचा माणूस आहे. पन्नाशीचा, सडपातळ, बोलताना डोळे मिचकावतो. आमच्या बाजूचं मराठी त्याला चांगलं येतं, कारण बाप नाव चालवायचा आणि दोन्ही काठांच्या माणसांची नेआण करायचा.

त्याने चहा पाजला. म्हणाला, "साब, पयले फोन कुठं होते? वरून पानी सुटलं की तुमच्या बाजूची हलगी वाजायची. ती ऐकून माझा बाप वाजवायचा, मंग खालच्या गावचा. नदीचा निरोप कुनी धरून ठेवायचा न्हाई, पुढं द्यायचा."

मी हे टिपून घेतलं. अहवालात 'पारंपरिक पद्धती' या मथळ्याखाली शोभून दिसेल.

परतताना नागम्माच्या लेकीच्या घरी डोकावलो. नागम्मा आमच्या ऑफिसची झाडलोट करते, टपालही तीच टाकते. आईची भाषा तेलुगू, नवरा मराठी, तोही गेला. एकुलती एक सुकन्या याच चैत्रात मल्लगुट्ट्याला दिली. पोरीने पोहे केले आणि आईसाठी शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली. विचारत होती, "आईचा गुडघा कसा हाय? ती खरं सांगत न्हाई." मी म्हणालो, झाडू मारताना तरी दुखताना दिसत नाही.

२० जून

साहेबांनी 'पारंपरिक पद्धती'चा परिच्छेद खोडला. हलगी हा शब्द कलेक्टरसाहेबांपुढे बरा दिसत नाही म्हणे.

१७ जुलै, गुरुवार

रंगीत तालीम झाली. झाली म्हणजे कशी झाली ते लिहितो.

कार्यक्रम असा होता की सकाळी दहाला नदीत विष उतरलं असं समजायचं, आम्ही विहित नमुन्यात संदेश काढायचा, तो जिल्ह्याकडून पलीकडच्या जिल्ह्याला, तिथून त्यांच्या तालुक्याला, तिथून मल्लगुट्ट्याला जायचा. साडेअकरा वाजले तरी संदेश आमच्याच जिल्ह्याच्या आवक विभागात बसलेला. फोटो काढायला आलेली मंडळी कंटाळली. मी वीरण्णाला सरळ फोन लावला. म्हणालो, तालीम आहे, मोटार बंद कर आणि टाकीचा कॉक बंद कर. सात मिनिटांत त्याने दोन्ही केलं आणि फोटो पाठवला. मला फार आनंद झाला. एकतीस वर्षांत माझ्या शब्दावर सात मिनिटांत काही झाल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी कळलं की आज मल्लगुट्ट्यात बोनालू होता. बायका देवीला भाताच्या घागरी घेऊन जातात, घराघरात पाहुणे. पाणी चार तास बंद. वीरण्णाला लोक चौकात धरून वाटेल ते बोलले. तारीख ठरवताना पलीकडे आज काय आहे हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

२२ जुलै

त्यांच्या सरपंचाची तक्रार वरपर्यंत गेली, तिथून आमच्या साहेबांपर्यंत आणि साहेबांकडून माझ्यापर्यंत. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला डायरेक्ट फोन करायला?" साहेब आवाज चढवत नाहीत, चष्मा काढून पुसतात. तो पुसून होईपर्यंत माणूस अर्धा होतो.

कार्यपद्धतीत दुरुस्ती करायची ठरली. मसुदा अर्थातच मी करायचा.

२५ जुलै

दुरुस्ती मंजूर. दोन्ही बाजूंनी एका दिवसात मान्य केली, हे आधी कधी घडलं नव्हतं. मसुदा मनासारखा उतरला म्हणून इथेही उतरवून ठेवतो:

'कलम ९: दूरध्वनीवरून अथवा तोंडी प्राप्त झालेल्या कोणत्याही निरोपावर, विहित नमुन्यातील, तहसीलदारांच्या स्वाक्षरीचा व जावक क्रमांक असलेला संदेश प्राप्त झाल्याखेरीज, कार्यवाही करू नये. असा निरोप पुढे प्रसारित करणारा कर्मचारी शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र राहील.'

दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते माझं. त्याच्यावाचून पहिल्याला वजन येत नव्हतं. साहेब म्हणाले, "आता कसं पक्कं झालं." मुरुडला बायकोला, चंद्रप्रभाला, रात्री फोनवर वाचून दाखवलं. ती शाळेत मराठी शिकवते, तिला वाक्याची पारख आहे. म्हणाली, "वाक्य चांगलं आहे. पण खरंच काही झालं तर?" मी म्हटलं, खरंच झालं तर कागद निघेल की.

११ ऑगस्ट

वीरण्णाचा फोन. कलमाची तेलुगू प्रत त्याला मिळाली, सही घेतली. हसत म्हणाला, "साब, तुमीच लिवलं म्हनं. माझी मान वाचवली तुमी. आता कुनी मला धरनार न्हाई, मी कागद दाखवीन." मला त्याचं बोलणं लागायला हवं होतं, पण थोडं समाधानच वाटलं.

व्हॉट्सॲपवर 'नदी समन्वय' गट निघाला आहे. एकतीस सदस्य. रोज सकाळी गुलाबाची फुलं येतात.

२८ ऑगस्ट

तीन दिवस धो धो. देगलूरचा रस्ता दोनदा बंद झाला. मुरुडला गणपतीला जाता आलं नाही. महालक्ष्म्यांनाही जाता येईल असं दिसत नाही, आपत्तीच्या टेबलाला सुट्टी नसते. चंद्रप्रभा एकटीच मुखवटे उजळत बसली आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

आज घडलं ते क्रमाने लिहितो, कारण उद्या विचारतील.

साडेसातला ओढ्याकाठच्या गावाचा कोतवाल श्रीमंत याचा फोन आला. "साहेब, वड्यात मासे उलटे झालेत, अन् माझ्या भावाच्या दोन शेळ्या पानी पिऊन जागीच पडल्या." मोटारसायकल काढली. वर एक रसायनाचा कारखाना आहे, त्याच्या सांडपाण्याच्या हौदाचा बांध पहाटे पावसाने फुटला होता. वॉचमन हात जोडून उभा. ओढा गढूळच होता, रंगावरून काही कळलं नसतं. वासाने मात्र डोळ्यांतून पाणी आलं. मी हिशेब केला. ओढ्याचे नऊ किलोमीटर, नदीचे चौदा. पाणी अडीच-तीनला मल्लगुट्ट्याच्या विहिरीशी पोहोचणार.

नऊ वाजून दहा मिनिटांनी नमुना भरून तयार. आज महालक्ष्मी पूजनाची स्थानिक सुट्टी. साहेब त्यांच्या गावी. फोन उचलला तो अकराला, मागे आरतीच्या टाळ्या. म्हणाले, "नमुना अगदी बरोबर आहे ना? सही मात्र माझीच पाहिजे, कलमात तसं आहे. नैवेद्य झाला की निघतो." रस्ता दोन तासांचा. मी बरं म्हणालो.

अकरा चाळीसला वीरण्णाचाच फोन आला. नदीत मासे धरणाऱ्या भोयांकडून त्याला कुणकुण लागली होती.

"साब, वरती कायतरी गडबड हाय म्हनतेत. खरं हाय का?"

"कागद येतोय, वीरण्णा."

"कागद येऊ द्या, पन मोटार बंद करू का?"

"ते मला फोनवर सांगता येत नाही. तूर्त सावध राहा."

तो म्हणाला, "सावध म्हंजे काय करू, साब? टाकी निम्मी हाय. सरपंच म्हनतो भरून घे, लाइट जायची हाय. तुमी नुसतं बंद कर म्हना, मी करतो."

मी म्हणालो, "कलम तुला माहीत आहे." तो "हाव" म्हणाला.

मी नियम मोडला नाही, एवढं इथे नमूद करतो. 'सावध राहा' म्हटलं, त्यातून शहाण्या माणसाला कळायला पाहिजे होतं. बोनालूच्या दिवशी त्याची जी गत झाली ती माझ्या एका फोनमुळे झाली. ती पुन्हा व्हायला नको, हाही विचार मनात होता. तो खरा होता.

बाराच्या सुमारास नागम्मा आली. सुट्टी असून आली, मी एकटा असेन म्हणून डब्यात पुरणपोळी घेऊन. टेबलावरचा नमुना तिने पाहिला. तिला मराठी वाचता येतं. "साहेब, मल्लगुट्टा लिवलंय. सुकन्याला फोन करू का, नळाचं पानी पिऊ नको म्हून?"

मी म्हणालो, "नागम्माबाई, एका घरात गेलेली बातमी दहा घरांत जाते. कागदाआधी गेली तर ती अफवा होते. तुम्ही ऑफिसचं माणूस आहात, तुम्हालाही ते लागू आहे. थोडं थांबा, कागद निघाला की लगेच करा."

"कदी निगल?"

"साहेब निघालेत."

ती व्हरांड्यात बसून राहिली. फोन मांडीवर ठेवून. तीनदा आत येऊन टेबलावरच्या नमुन्याकडे पाहून गेली.

साहेब सव्वाचारला आले. चार वीसला सही. जिल्ह्याच्या कक्षातून पाच वाजून पाच मिनिटांनी मंजुरी. पाच वीसला जावक क्रमांक पडला आणि संदेश गेला. मी खिडकीतून नागम्माला म्हणालो, करा आता फोन. तिने लावला. सुकन्याने उचलला नाही.

२ सप्टेंबर

मल्लगुट्ट्याची एकशे चाळीस माणसं दवाखान्यांत. मळमळ, पोटात आग, काहींना डोळ्यांपुढे अंधारी. मोटार पावणेसहापर्यंत, कागद पोहोचेपर्यंत, चालू होती.

नागम्मा काल संध्याकाळच्या गाडीने पलीकडे गेली. रजेचा अर्ज दिलेला नाही. मी तिच्या नावाने भरून ठेवला.

३ सप्टेंबर

सुकन्या आज पहाटे गेली. शेतातून तीनच्या सुमारास आली आणि नळाखाली ओंजळ धरून पोटभर प्याली, असं तिची सासू सांगते. त्याआधी दोन म्हातारी माणसं गेली होती. मला तिघांचीही नावं माहीत आहेत, पण एकच आठवतं.

चंद्रप्रभाला फोन केला, तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही त्या बाईला थांबवलंत?" मी म्हणालो, मी नाही, कलमाने. तिने फोन ठेवला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असा कधी ठेवला नव्हता.

७ सप्टेंबर

मल्लगुट्ट्याला जायला निघालो आणि पुलावरून परत आलो. नागम्मापुढे काय बोलणार होतो ते तीन वेळा मनात जुळवलं. तिन्ही मसुदे शुद्ध होते आणि एकही तोंडातून निघण्यासारखा नव्हता. मला लाज वाटते. हे मी दुसरीकडे कुठे लिहिणार.

१५ सप्टेंबर

चौकशी समिती आली. तिघे आमच्याकडचे, तिघे तिकडचे. दोन्ही राज्यं एका टेबलाशी इतक्या गोडीने बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. माझी फाइल पाहून त्यांचे अध्यक्ष म्हणाले, "वेळांच्या नोंदी अशा ठेवलेल्या कुठेच सापडत नाहीत." मसुदा, सही, मंजुरी, जावक, सगळं जागच्या जागी. आमच्या बाजूने कार्यपद्धतीचं तंतोतंत पालन झालं, असा निष्कर्ष निघतो आहे. कारखान्याचं प्रकरण वेगळ्या समितीकडे गेलं. साहेबांनी चष्मा काढला नाही, पाठीवर हात ठेवला.

आता इतर तालुक्यांतल्या लोकांना शिकवायला मला लातूरला पाठवणार आहेत. मी नाही म्हणालो नाही.

१८ सप्टेंबर

नागम्मा कामावर रुजू झाली. वेळेच्या आधी आली, सगळं ऑफिस झाडलं, माझं टेबल पुसलं. मी म्हणालो, "नागम्माबाई." ती म्हणाली, "तुमी तरी काय करनार, साहेब. कागद निगाला नव्हता." तिने हे मनापासून म्हटलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला तेवढा तरी आधार मिळाला असता.

२३ सप्टेंबर

आज वीरण्णाबद्दल कळलं.

त्या दिवशी साडेचारला मल्लगुट्ट्यात पहिली माणसं ओकायला लागली. वीरण्णाने मोटार बंद करायचा प्रयत्न केला, तर सरपंचाने कागद विचारला. त्याच्याकडे कागद नव्हता. मग त्याने मोटारीच्या खोलीबाहेर जाऊन खालच्या दोन गावांच्या मोटारवाल्यांना फोन केले. म्हणाला, कागदबिगद विचारू नका, आत्ता बंद करा. त्यांनी केल्या. त्या दोन गावांत एकही माणूस आजारी पडलं नाही. नऊशे घरं आहेत तिथे.

त्याला निलंबित केलं आहे. मोटार चालू ठेवली म्हणून नव्हे, तिथे तो नियमाने वागला. दोन फोन केले म्हणून. कलम नऊ, वाक्य दुसरं.

मी त्याला फोन लावला. त्यानेच धीर दिला. "साब, तुमी मनाला लावून घेऊ नका. बायको म्हनते बरं झालं, घरी ऱ्हाशील." मग विचारलं, "साब, त्या दिवशी तुमाला ठावं होतं का, खरं सांगा?" मी हो म्हणालो. "मला वाटलंच," तो म्हणाला. "तुमचा आवाज बदलला होता. मीच बंद करायला पायजे होती." पलीकडे त्याचे डोळे मिचकत असतील, ते मला दिसत होते.

२९ सप्टेंबर, सोमवार

पलीकडच्या चौकशी अधिकाऱ्यांचं पत्र आलं. वीरण्णाला नोकरीतून काढण्याच्या प्रकरणात कलम नऊची साक्षांकित प्रत हवी आहे. मूळ मसुदा ज्याने केला त्याच अधिकाऱ्याचं किंवा कर्मचाऱ्याचं प्रमाणपत्र हवं: दुसरं वाक्य त्याच अर्थाने योजलं होतं असं.

सकाळभर कागद पुढ्यात घेऊन बसलो. लिहिता येईल असं बरंच काही सुचलं. दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. त्या माणसाला सावध राहा म्हणणारा मीच होतो. त्याने केले ते दोन फोन मी सकाळी सव्वानऊला करायला हवे होते. एक कच्चा कागद लिहिलाही. मग पेन्शनला चार वर्षं उरली आहेत हे आठवलं, समितीचा निष्कर्ष आठवला, साहेबांचा पाठीवरचा हात आठवला. मी नाही दिलं तर दुसरं कुणी देईल, हेही मनात आलं. ते खोटं होतं. पत्रात मसुदा करणाऱ्याचंच मागितलं होतं.

कच्चा कागद फाडला. साहेब जागेवर होते. प्रमाणपत्र टाइप झालं, माझी सही, साहेबांची प्रतिस्वाक्षरी, जावक क्रमांक. पंचवीस मिनिटांत सगळं.

पाकीट नागम्माकडे दिलं. तिने गोंद लावला, तिकीट चिकटवलं आणि पत्ता वाचला. पलीकडच्या तालुक्याचं गाव पाहून थांबली.

"मल्लगुट्ट्याचं हाय का?"

"हो. तिकडचंच."

"कुनाच्या कामाचं हाय?"

मी म्हणालो, "आहे एका माणसाच्या."

तिने पाकीट पिशवीत टाकलं, पिशवी खांद्याला अडकवली, पायात चपला घातल्या. दारातून मागे वळून म्हणाली, "चारची टपालगाडी गाठते, साहेब. आपल्याकडून उशीर नको व्हायला."